जुवापासून डिफरन्शियलपर्यंत: मागच्या आसाची दोनशे वर्षे

जुन्या जीपचा वेग वाढावा किंवा चिखलातली तिची पकड सुधारावी, म्हणून काही हौशी मंडळी घराच्या अंगणातच तिचे मागचे डिफरन्शियल उतरवतात आणि दुसरे चढवतात. दोन चाकांच्या मधोमध दिसणाऱ्या त्या लोखंडी भोपळ्यात नेमके काय असते, ते कशासाठी जन्मले, आणि ते बदलताना कोणत्या गोष्टीशी खेळ होतो, याविषयी हा धागा. थोडा दीर्घ आहे.

आरंभ वाशीम जिल्ह्यातील रिसोडपासून करू. पॅरिस किंवा कॉव्हेंट्रीपासूनही करता आला असता. परंतु या यंत्राची गरज मुळात केव्हा नव्हती आणि केव्हा निर्माण झाली, हे रिसोडच्या काळ्या मातीत अधिक स्वच्छ दिसते.

एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत भाव आला. गावोगावचा कापूस अकोला, खामगाव अशा बाजारपेठांकडे निघाला, तो बंडीतून. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडी म्हणतात, तिला विदर्भात बंडी म्हणतात. या बंडीचा आस गाडीला जखडलेला असतो, तो फिरत नाही. फिरतात ती केवळ चाके, आणि तीही प्रत्येक आपापल्या परीने. तुंब्यात वंगण घातले, आसाच्या टोकाला खीळ ठोकली की चाक मोकळे झाले.

हा मोकळेपणा क्षुल्लक नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. किती अधिक, याचे गणित सुंदर आहे. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि गाडीने एक पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालते. फेरी लहान असो वा मोठी, हा फरक तेवढाच राहतो. कारण तो केवळ दोन चाकांमधील अंतरावर अवलंबून असतो. शेताच्या बांधावर बंडी वळवा किंवा गावाला वळसा घाला, हिशेब एकच.

बंडीला हा फरक कधी जाणवतही नाही. बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी फिरते, विषय संपला. विदर्भातील शंकरपटात, ज्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी कायदेशीर मान्यता कायम ठेवली, बैलजोडी अतिशय हलकी गाडी घेऊन सुसाट धावते. वेगासाठीच घडवलेले ते वाहन आहे, आणि त्यातही डिफरन्शियलचा लवलेश नाही. कारण गाडी पुढे नेण्याचे काम चाके करीत नाहीत, बैल करतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘आपल्या प्राचीन रथांत डिफरन्शियल होते’ अशा आशयाचे संदेश अधूनमधून फिरत असतात. ते अभिमानाने लिहिलेले असतात, परंतु त्यांत रथाची रचनाच लक्षात घेतलेली नसते. जे वाहन घोडे किंवा बैल ओढतात, त्याला या यंत्राचा उपयोगच नाही. ज्या समाजाला समस्या नव्हती, त्याने तिचे उत्तर शोधले नाही, यात कमीपणा कसला?

दुसरे टोक रेल्वेचे. रिसोडला स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. पूर्णा–अकोला मार्ग वाशीमवरून जातो. आगगाडीच्या डब्याची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट दाबून बसवलेली असतात, म्हणजे ती एकत्रच फिरतात. मग वळणावर काय होते? चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसून किंचित उतरता, शंकूसारखा घडवलेला असतो. वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला थोडी सरकते, बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर चालू लागते, आतले लहान व्यासावर, आणि अंतराचा फरक भरून निघतो. रूळ असतील तरच ही युक्ती साधते.

आता कोंडी लक्षात येईल. वाहन रस्त्यावरचे आहे, रूळ नाहीत, पुढे ओढणारा बैलही नाही. इंजिनानेच आस फिरवायचा आहे. आस फिरवायचा तर चाके त्याला जोडावी लागतात. दोन्ही जोडली तर वळणावर एक चाक फरफटते. एकच जोडले तर अर्धी पकड वाया जाते आणि गाडी एका अंगाला ओढते. वाफेच्या गाड्या रस्त्यावर आणू पाहणाऱ्यांना या कोंडीने पहिल्यांदा गाठले.

तिच्यातून वाट काढली ती ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने. पॅरिसच्या ‘कॉन्झर्व्हातोआर’ या कला व कारागिरीच्या संस्थेशी तो संबंधित होता. १८२७-२८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी घेतलेल्या पेटंटात त्याने आस मधोमध कापला आणि दोन तुकड्यांच्या मध्ये दातेरी चाकांची अशी रचना बसवली, की इंजिनाचा जोर दोन्हीकडे जावा, पण फिरण्याचा वेग ज्याचा त्याला राहावा. पुढे १८३२ मध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सनेही वाफेच्या रस्तागाडीसाठी अशाच कल्पनेचे पेटंट घेतले. घड्याळजीच्या हातून हे घडावे यात नवल नाही. दात्यांची बेरीज-वजाबाकी त्याच्या बोटांत होती.

रचना समजून घेण्यासाठी पुन्हा बंडीकडे येऊ. चाकांकडे नव्हे, जुवाकडे.

जू मधोमध दोराने गाडीच्या दांडीला बांधलेले असते. दोन टोकांना दोन बैल. एक बैल पाऊलभर पुढे गेला, तर जू किंचित तिरपे होते. दुसरा मागे राहतो, पण गाडी दोघांच्या मधल्या गतीने पुढे सरकतच राहते. महत्त्वाचे हे, की जू असे मोकळे झुलत असेल तर दोन्ही बैलांवरचा ओढ समान असतो. पाऊल कमी-जास्त, ओढ सारखा. जाणता शेतकरी अशक्त बैलाकडची जुवाची बाजू लांब ठेवतो, म्हणजे त्याच्या वाट्याला ओझे कमी येते. तराजूच्या दांडीचाच हा नियम.

डिफरन्शियल म्हणजे गोल फिरणारे जू. इंजिनाकडून येणारा लांब दांडा, गॅरेजच्या भाषेत प्रोपेलर शाफ्ट, आपल्या टोकावरच्या लहान पिनियनने मोठे क्राऊन फिरवतो. क्राऊनला एक पेटी जखडलेली असते. पेटीत आडवी पिन, पिनेवर लहान दातेरी चाके, म्हणजे स्टार पिनियन. आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन चाकांकडे जाणाऱ्या एक्सलची दातेरी चाके. पिन हे जू बांधण्याचे ठिकाण, स्टार पिनियन हे जू, आणि दोन एक्सल हे दोन बैल. सरळ रस्त्यावर स्टार पिनियन आपल्या पिनेभोवती फिरतच नाही. सगळी पेटी एकसंध फिरते. वळण आले की ते हळूच फिरू लागते, एका बाजूला जेवढे फेरे वाढतात, तेवढेच दुसऱ्या बाजूला कमी होतात. पेकरने बैलगाडीवरून हे सुचवून घेतले असे मुळीच नाही. तत्त्व एक आहे, वंश वेगळे.

या यंत्राच्या वंशावळीत दोन नावे वारंवार घुसवली जातात, त्यांचाही निकाल लावू. पहिले ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर आलेले अँटिकिथेरा यंत्र. डेरेक प्राइस यांनी १९७४ मध्ये त्यात डिफरन्शियल असल्याचे मांडले. पुढे क्ष-किरणांच्या आधुनिक चित्रणातून दात्यांची खरी मांडणी उलगडली, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर ते मत मागे पडले. यंत्र तरीही अद्भुतच राहिले. फक्त ते आपल्या विषयाचे पूर्वज नाही.

दुसरे चीनमधील दक्षिणदर्शक रथ. तिसऱ्या शतकात वेई राज्यातील मा च्युन याने तो बनवल्याचे सांगतात. रथ कुठेही वळला तरी त्यावरचे बाहुले दक्षिणेकडेच हात करी. त्यात डिफरन्शियल असावे, ही कल्पना १९४७ मध्ये मांडली ती जॉर्ज लँचेस्टर या इंग्रज मोटार अभियंत्याने. कल्पना देखणी आहे, पण आकडे तिला साथ देत नाहीत. दोन चाकांच्या घेरात केवळ एक टक्का फरक असेल, तर एका किलोमीटरमध्ये एक चाक दुसऱ्यापेक्षा दहा मीटर जास्त चालल्याचे यंत्राला वाटेल. आणि चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर सरळ रस्त्यावरही बाहुले एक संपूर्ण गिरकी घेऊन मोकळे होईल. विसाव्या शतकातील मोटार अभियंत्याला प्राचीन रथात आपल्या ओळखीचे यंत्र दिसले, एवढेच त्यातून सिद्ध होते. इतिहास वाचताना हा मोह आपल्यालाही होतो.

पेकरच्या कल्पनेला लोकांच्या रस्त्यावर आणले ते मोटारीने नव्हे, पायडल मारायच्या तिचाकीने. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७ मध्ये आपल्या तिचाकीत डिफरन्शियल बसवले. हकीकत अशी सांगतात, की दोघांनी शेजारी-शेजारी बसून चालवायच्या वाहनावर तो मुलासह निघाला होता. तरुण मुलाचा जोर अधिक पडला, वाहन एका अंगाला ओढले गेले आणि दोघे रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपात पडले. हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, दोषाचे निदान तिच्यात अचूक आहे. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्टार्लीच्या अशा दोन तिचाक्या मागवल्या.

कार्ल बेंझच्या ज्या गाडीला २९ जानेवारी १८८६ रोजीच्या पेटंट अर्जामुळे पहिल्या मोटारीचा मान मिळतो, तीही तीन चाकांची होती, आणि तिच्या आडव्या दांड्यात डिफरन्शियल होते. तिथून दोन साखळ्या मागच्या दोन चाकांकडे जात. साखळी काढून टाकून लांब दांड्याने थेट मागच्या आसातले डिफरन्शियल फिरवण्याची पद्धत रूढ केली ती लुई रेनोने. १८९८ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, तो आपली गाडी घेऊन पॅरिसमधील मोंमार्त्रची चढण चढला. आपल्या जीपच्या पोटाखालची मांडणी त्याच कुळातली. जाता जाता: रिसोडच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या ऑटोरिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्येही डिफरन्शियल असते. स्टार्लीची तिचाकी एका अर्थी तिथे अजून भाडे मारते आहे.

आता जीप. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीप सुट्या भागांतून जुळवायला सुरुवात केली, आणि पुढे सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप आपल्याकडे कित्येक दशके बनत राहिली. तालुक्याच्या गावी साहेब आला तो जीपमधून, आणि निवडणुकीचा कर्णा फिरला तोही जीपवरून. त्यामुळे महाराष्ट्रात अंगणात उघडल्या गेलेल्या मागच्या आसांमध्ये जीपचा वाटा मोठा आहे.

जीपच्या डिफरन्शियलची गोष्ट आकड्यांत वाचता येते. युद्धातल्या विलीज जीपच्या पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ३९. म्हणजे दांड्याच्या ४.८७५ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. युद्धानंतरच्या नागरी सीजे जीपांत हे प्रमाण ८ ला ४३ झाले, म्हणजे ५.३७५. कारण ही जीप आता शेतकऱ्याला विकायची होती; तिने नांगर ओढावा, खोडे उपटावीत, अशी अपेक्षा होती. दाते वाढले तसा ओढ वाढला, वेग घटला.

हिशेब मांडून पाहा. चाकाचा घेर २.२ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेऱ्या घेते. सगळ्यात वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि दांडा एकाच गतीने फिरतात. म्हणून ४३ दात्यांच्या क्राऊनला इंजिनाला मिनिटाला सुमारे २,४४० फेऱ्या माराव्या लागतात, आणि ३९ दात्यांच्या क्राऊनला सुमारे २,२२०. महामार्गावर जीप कोकलते ती यामुळे. ‘जरा लांब रेशो’ शोधणारा तरुण नकळत शेतकऱ्यासाठी घेतलेला निर्णय उलटवून पुन्हा सैन्याच्या हिशेबाकडे जात असतो.

परंतु इथे एक सापळा आहे. चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपला पुढेही एक डिफरन्शियल असते. मागचे बदलून ३९ दात्यांचे केले आणि पुढचे ४३ चेच ठेवले, तर चारही चाके जोडताच पुढची आणि मागची जोडी एकाच रस्त्यावर वेगवेगळे अंतर तोडू पाहते. चिखलात चाके घसरून निभावते. कोरड्या डांबरावर दाते एकमेकांशी झुंजतात, आणि शेवटी जो भाग दुर्बळ तो तुटतो. बदलायचे तर दोन्ही बदलावे, नाहीतर दोन्ही राहू द्यावे.

यंत्राचा मूळ दोष अजून सांगायचा राहिला आहे, आणि वेगवान गाड्यांचा इतिहास त्याच दोषाचा इतिहास आहे.

जुवाचा नियम आठवा: ओढ दोन्हीकडे समान. आता समजा एका बैलाने पाय गाळले, तो ओढतच नाही. दुसरा कितीही बळकट असला तरी जू त्याच्या बाजूने पुढे गरकन फिरते आणि गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियलचे तेच. एक चाक चिखलात गेले, त्याला पकड उरली नाही, की दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. चिखलातले चाक भिरभिरते, कोरडे चाक स्वस्थ उभे. रिसोड परिसरातील काळी माती पावसात कशी चिकटते, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. उन्हाळ्यात भेगाळणारी हीच माती आषाढात चाकाला अशी लपेटते की टायरच्या खाचा बुजून तो गुळगुळीत होतो. ज्या मोकळेपणासाठी पेकरने आस कापला, तोच मोकळेपणा इथे गाडी अडवतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी याचे सरळ उत्तर दिले. महिंद्रांच्या भागीदारीतून १९६३ मध्ये उभ्या राहिलेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे ट्रॅक्टर आले, इतरांचे आले, आणि सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात हळूहळू नांगरटीचे काम बैलाकडून त्यांच्याकडे गेले. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा पायडल असतो. तो दाबला की दोन्ही एक्सल एकमेकांना जखडले जातात. पेकरने कापलेला आस क्षणभर पुन्हा सांधला जातो. नांगरताना एक चाक तासात आणि दुसरे वरच्या जमिनीवर असते, तेव्हा हा लॉक लाखमोलाचा. पण तो लावून रस्त्यावर वळण घेणे म्हणजे ट्रॅक्टरला वळण नाकारायला सांगणे. लॉक फक्त सरळ चालीत आणि फक्त मऊ जमिनीत वापरायचा असतो.

शर्यतीच्या गाडीला असा पायडल परवडत नाही. तिला वळणावर मोकळीकही हवी आणि वळणातून सुटताना पकडही. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शेच्या आराखड्याची ऑटो युनियन ही जर्मन शर्यतगाडी इतकी बलवान निघाली, की ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासही तिचे एक मागचे चाक जागीच घसरून भिरभिरे. १९३५ मध्ये पोर्शेने झेडएफ या कंपनीकडून घसरण आवरणारे डिफरन्शियल करून घेतले. आत घर्षण मुद्दाम वाढवायचे, म्हणजे एक चाक फार पुढे पळू लागले की घर्षण त्याला दुसऱ्याशी बांधून ठेवते. १९५८ मध्ये व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन अभियंत्याने केवळ दात्यांच्या तिरप्या घडणीतून तेच साधले. तेच पुढे टॉर्सन नावाने गाजले. आपल्याकडे नाशिकला बनणाऱ्या २०२० च्या थारच्या काही प्रकारांत मागचे डिफरन्शियल चाक घसरताच यांत्रिकपणे आपोआप जखडले जाते. जुन्या जीपचा मालक घरी जे बसवू पाहतो, ते बहुधा यांपैकीच एखाद्या जातीचे असते.

गरीब वाट म्हणून काही जण स्टार पिनियन सरळ वेल्ड करून टाकतात. त्याविषयी माझे मत कडक आहे: शर्यतीच्या बंदिस्त मैदानात ज्याला जे करायचे ते करो, रस्त्यावर ही गाडी आणू नये. प्रत्येक वळणावर एक चाक फरफटते, टायर घासतात, ओल्या रस्त्यावर गाडी सरळ धाव घेते, आणि एक्सल पिळवटून एखाद्या दिवशी तुटतो. दोनशे वर्षांपूर्वीची समस्या वेल्डिंगने परत विकत घेण्यात शहाणपण नाही.

आता अंगणातल्या प्रत्यक्ष कामाकडे. मागचे आस मुख्यत्वे दोन घडणींचे. एका घडणीत क्राऊन, पिनियन आणि पेटी हे सगळे एका स्वतंत्र ओतीव चौकटीत बसवलेले असते. दोन्ही एक्सल बाहेर ओढले, दांडा सोडला, भोवतालचे नट काढले, की अख्खा गड्डा समोरून बाहेर येतो. ब्रिटिश घाटाच्या अनेक जुन्या मोटारी या जातीच्या. असा गड्डा कारखान्यात किंवा जाणत्या मिस्त्रीकडे आधीच जुळवून आणता येतो, म्हणून घरी बदलायला हीच घडण सोपी. जीपच्या आसाची घडण दुसरी: पिनियन थेट हौसिंगमध्येच बसते, मागचे गोल झाकण उघडून पेटी बाहेर काढावी लागते. तिथे क्राऊन-पिनियन बदलणे म्हणजे जुळवणीचे सगळे ओझे आपल्यावर घेणे. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही, त्याने दुसरा पूर्ण आसच मिळवून बदलावा. काम जड, पण जोखीम कमी.

जुळवणी म्हणजे काय? पिनियन आणि क्राऊनचे दाते एकमेकांत किती खोल बसावेत, हे कागदाइतक्या पातळ लोखंडी चकत्यांनी ठरते. त्यांना शिम म्हणतात. दात्यांमधली मोकळी हालचाल साधारणपणे एक-दशांश ते दोन-दशांश मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते, आणि नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहायचा. कमी झाली तर तेल मध्ये शिरत नाही, दाते तापून खरवडतात. जास्त झाली तर प्रत्येक वेळी ठोका बसतो आणि दाते तुटतात. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून तयार केलेले असतात, म्हणून एका गाडीचे क्राऊन आणि दुसरीचे पिनियन असा संसार लावू नये.

दाते बरोबर टेकतात की नाही, हे पाहण्याची जुनी रीत मला फार आवडते. क्राऊनच्या काही दात्यांना रंग फासायचा, हाताने फिरवायचे, आणि पिनियनने तो रंग कुठे पुसला ते पाहायचे. दात्याच्या मधोमध पुसला तर ठीक, टोकाला किंवा बुडाशी पुसला तर शिम बदलायची. जगभरच्या जुन्या कारखान्यांत यासाठी शिशाचा तांबडा भस्मरंग तेलात कालवून वापरत. शिशाचा तांबडा भस्मरंग म्हणजे शेंदूर. गावच्या मारुतीला जो तेलात कालवून लावतात, तोच मँचेस्टरच्या दात्यांना लागत होता. शिसे विषारी असल्याने आता यासाठी वेगळी निर्धोक मलमे मिळतात, तीच वापरावीत.

वंगणाची बाबही तशीच. १९२६ मध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने हायपॉइड जातीचे दाते मोटारीत आणले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसते, म्हणून दांडा खाली जातो आणि गाडीची बैठकही खाली येते. पण असे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. त्यांना साधे तेल पुरत नाही, प्रचंड दाब सोसणारे खास तेल लागते. आणि घर्षणाच्या चकत्या असलेल्या डिफरन्शियलला त्याहून निराळे. बंडीच्या तुंब्याला जे वंगण चाले ते इथे चालत नाही, हे उघड आहे. पण इंजिनाचे उरलेले तेलही इथे ओतायचे नाही, हे सांगावे लागते.

आणि या सगळ्याआधीची गोष्ट. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली शिरायचे नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चौकटीखाली दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड, पुढच्या चाकांना ठोकळे, खाली कठीण सपाट जमीन. अंगण काळ्या मातीचे असेल तर स्टँडचा पाय ओल्या दिवसात रुततो. मग जाड, रुंद फळी घालावी, नाहीतर फरशीची जागा शोधावी. मागचे चाक निघाले की हँडब्रेकचा भरवसा संपतो, आणि बऱ्याच जीपांत हँडब्रेक त्याच दांड्यावर असतो जो आपण सोडवणार आहोत. अख्खा आस एका माणसाने पेलण्याचे वजन नव्हे. माणसे दगावतात ती बहुतेकदा दात्यांच्या गणितात नव्हे, या ठिकाणी.

कायद्याचेही एक कलम ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ तपशिलांत मालकाला मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा अर्थ काटेकोर लावला. झिजलेल्या डिफरन्शियलच्या जागी त्याच बनावटीचे, त्याच प्रमाणाचे बसवणे ही दुरुस्ती होय. वेगळ्या घडणीचे बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. वेगमापकाचा आकडाही अनेक जुन्या गाड्यांत दांड्याच्या फेऱ्यांवरून येतो. प्रमाण बदलले की काटा खोटे बोलू लागतो, ४३ चे ३९ केल्यास सुमारे नऊ टक्क्यांनी कमी वेग दाखवतो.

एक प्रश्न नेहमी येतो: विजेच्या गाड्या आल्यावर डिफरन्शियल संपेल का? प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार दिली, तर यंत्र खरोखरच अनावश्यक होते. चाके पुन्हा बंडीसारखी आपापल्या परीने फिरतील. परंतु दोन मोटारी एकीपेक्षा महाग पडतात. म्हणून आज गावोगाव दिसणाऱ्या ई-रिक्षाच्या मागे वाकून पाहिलेत, तर विजेची मोटार आसाच्या मधोमध थेट डिफरन्शियलच्या पेटीवरच बोल्टने आवळलेली दिसेल.